नव्या वाटीची कल्हई

“नवीला काय विचारायचंय? ती कुठे बोलते!” भांडी बोलत असत त्या काळी थोरली परात तांब्याच्या कानाशी पुटपुटली, आणि रुखवतातून आलेल्या पितळी वाटीने ते नेमकं ऐकलं.

प्रश्न माठाच्या जागेचा होता. घरच्या छोट्या कुंदासाठी आणलेली शीतपेयाची बाटली ती जागा मागत होती. “माझा फेस बघा, थाट बघा! माठाला हलवा, पोरीला रोज मीच पाजीन.”

“किती गोड बोलते हो!” परात म्हणाली. माठाला आणखीच पाझर फुटला.

वाटीला खरं ठाऊक होतं. परवा कुंदाने ते पेय तिच्यात ओतून तसंच ठेवलं होतं. साखरेआड दडलेल्या आंबटाने तिची नवीकोरी कल्हई खाल्ली होती. पण सासरी आल्याआल्या आपला डाग चारचौघांत कसा दाखवायचा?

तांब्या माठाला ढकलायला सरसावला, तशी वाटी सगळ्यांसमोर आडवी झाली. पोटातले चट्टे बघून परात मागे सरली.

“मामंजी, थांबा,” वाटी म्हणाली. “हे त्या बाटलीतल्या पेयाने केलं. मला कल्हई पुन्हा करून घेता येईल. कुंदाचे दुधाचे दात पडून आता कायमचे आलेत. त्यांना कल्हई करणारा कुठून आणाल?”