खाकी कव्हरचं पुस्तक

“…ते सगळं खरं सर, पण पहिलं कोणतं वाचू?”

शलाकानं यादी पुढे धरली. सतरा पुस्तकांची नावं. प्रत्येक नावासमोर पेन्सिलनं एक आकडा. कुठे नऊ, कुठे बारा. त्या त्या पानावर तिनं ते पुस्तक मिटलं होतं.

परकार सरांनी कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं. आता दापोलीजवळच्या आपल्या गावी असतात. दुपारचे पडवीत बसतात, पुढ्यात एक बैठं टेबल.

शलाका त्यांची जुनी विद्यार्थिनी. एमएस्सीला पहिली आलेली, ते ती बोलता बोलता दोनदा सांगून झाली होती. पुण्याहून एस.टी.नं आली होती. ओठ सुकलेले. पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नसावं.

“विषय काय घेतलास?”

“लाय ग्रुप. आणि लाय अल्जिब्रा.”

“काय?” सरांनी कानामागे हात धरला.

“लाय, सर.”

“ली. नॉर्वेचा माणूस, आडनाव ली. त्या बिचाऱ्याला तू इंग्रजीत खोटं म्हणतेस होय?”

शलाकाचे कान लाल झाले.

“सतरा पुस्तकं, बाय. त्यात कुणी माणसाचं नाव सांगितलं नाही तुला?”

“चेष्टा नको ना, सर. कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करणार आणि का, ते सोमवारी माझ्या गाइड मॅडमना सांगायचंय. नाही सांगता आलं तर दुसरा विषय घे म्हणाल्या. आणि मी घरी सगळ्यांना सांगून बसलेय…”

“ली ग्रुप म्हणजे काय?” सरांनी विचारलं.

हे तिला पाठ होतं. “एकापुढे एक करता येतील, उलटवताही येतील अशा क्रियांचा ग्रुप असतो, शिवाय तो गुळगुळीत असतो.”

“गुळगुळीत म्हणजे?”

शलाकानं यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

आतून चहा आला. कुणी कप उचलला नाही.

सरांनी फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं. शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलेलं, वर नाव नाही की चिठ्ठी नाही. तिच्यासमोर आडवं ठेवलं.

“पाठ कुठे आहे याची? शिवणीची बाजू?”

“डावीकडे.”

“घड्याळाचा काटा फिरतो तसं पाव फेरा फिरव. टेबलावरच.”

तिनं फिरवलं. पाठ पलीकडे गेली.

“आता पलीकडची बाजू उचल. उभं कर.”

उभं केलं. पाठ वर आली, घराच्या कौलासारखी.

“ठेव परत होतं तसं. आता हीच दोन कामं उलटी. आधी पलीकडची बाजू उचलून उभं, मग फेरा.”

“तेच होणार ना, सर. दोन्ही तीच तर आहेत.”

“कर तर.”

तिनं केलं. पाठ पलीकडे गेली आणि पानांची बाजू तिच्यासमोर आली.

आपलंच चुकलं असं तिला वाटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“हे… माझ्याकडे बघतंय.”

“आता पाव फेरा नको. तिळाएवढं फिरव, तिळाएवढंच उचल. मग उलट करून बघ.”

“काही फरक नाही, सर.”

“नाही? की दिसत नाही?”

शलाकानं मान खाली केली, इतकी की हनुवटी टेबलाला टेकली. एक डोळा मिटला. थोडं जास्त फिरवून पाहिलं. मग निम्मं. मग त्याच्या निम्मं. ओढणीचं टोक चहात पडलं, तिला पत्ता नाही.

“सर, फिरवणं निम्मं केलं तर फरक निम्म्याहूनही कमी होतोय!”

सरांनी ओढणीचं टोक कपातून बाहेर काढलं.

“पण जात नाही. बारीक, अगदी बारीक… उरतोच. या उरलेल्या फरकाचाच ली अल्जिब्रा का?”

“चहा पी.”

“आणि मधे कुठेही थांबता येतंय. कुठे अडतच नाही, सर.” तिनं पुस्तक हळूहळू पूर्ण फेरा फिरवलं, जिथून निघालं तिथं आणलं. तळहात त्यावर तसाच ठेवला. “गुळगुळीत म्हणजे… हे?”

सरांनी आपला कप उचलला. चहा गार झाला होता, तरी ते मन लावून प्यायले.

शलाकानं यादी ओढली. सतराव्या नावाखाली अठरावा क्रमांक घातला, पुढे नावाला जागा सोडली.

“हेच, सर! सोमवारी मॅडमना हेच सांगते. का, तेही सांगते. लिहिलंय कुणी?”

तिनं कव्हरखाली बोट घातलं.

सरांनी पुस्तकावर हात ठेवला.

“उघडू नकोस, बाय. आत्ता कुठे वाचायला लागलीस.”