घसरणारे गिरजाघर

एका राज्यात, डोंगराच्या उतारावर, एक जुने नगर होते. घरावर घर, गल्लीवर गल्ली, आणि सगळ्यांच्या माथ्यावर काळ्या दगडाचे थोरले गिरजाघर. हे गिरजाघर रोज तसूभर खाली घसरे. वरची आळी त्याने केव्हाच चिरडली होती, आणि खालचे लोक गाठोडी बांधून बसले होते.

हे कशाने झाले? कर्कट नावाच्या जादूगाराने वेदीवर सोन्याची रास आणून ठेवली, देणगी म्हणे! फुकटचे सोने पाहून नगर हुरळले, आणि कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही. वेदीला कुलूप लागले, पहारेकरी बसले. प्रार्थनेलाही लोक खांबावरच्या दगडी पुतळ्यासारखे डोळे उघडे ठेवून बसू लागले. तोंडी देवाचे नाव अन् नजर शेजाऱ्याच्या हातावर! पुढे तीच रीत पडली, आणि संशय वाढेल तसे गिरजाघर घसरू लागले; त्या सोन्याला शापच होता.

राणी इनासचा धाकटा भाऊ बाप्तिस एकदा म्हणाला, "ताई, हे सोने दरीत फेकून दे." झाले! लोकांना वाटले, याच्या मनात काळेबेरे आहे. त्यातच राशीतले एक सुवर्णपात्र नाहीसे झाले आणि बाप्तिसला कडेलोटाची शिक्षा झाली. शिक्षा फर्मावली कोणी? खुद्द इनासने. भावावर तिचा जीव होता हो, पण संशय काही केल्या जाईना.

कडेलोटाच्या सकाळी घुमटातला म्हातारा पारवा तिच्या खिडकीत येऊन बसला.

"राणीसाहेब, शाप उतरवायचा तर तीन कामे करा. वेदीचे कुलूप काढा. पहारेकरी घरी धाडा. मग बाप्तिसला मोकळे करून वेदीपाशी उभे करा, आणि साऱ्या नगरासह डोळे मिटून प्रार्थना करा."

"तुला कोणी पाठवले? बाप्तिसने?"

"पाहा! माझ्यावरही संशय. एकाने जरी डोळे किलकिले केले, तर गिरजाघर थेट दरीत जाईल."

इनासने कुलूप काढले. पहारेकरी कुरकुरत गेले. बाप्तिसच्या बेड्या सोडताना मात्र तिने किल्ली दोनदा मागे घेतली, मग त्याला वेदीपाशी उभे केले. सारे नगर आत दाटले. तिने हुकूम दिला आणि डोळे मिटले.

थोड्याच वेळात वेदीकडे पावले वाजली. सोने खणखणले. इनासला वाटले, बाप्तिसच तो. चोरच निघाला की मेला! पायाखालची फरशी सरकू लागली. एकदा बघावे? एकदाच? तिने ओठ चावला. मग मनाशी म्हणाली, 'नेतोस तर ने, बाळा. जिवंत राहा म्हणजे झाले.' आणि डोळे आणखी घट्ट मिटले.

फरशी थांबली.

"शाप उतरला! कर्कट पळाला!" पारवा ओरडला. "खांबावरचा दगडी पुतळा होऊन तोच इतकी वर्षे तुमच्यावर नजर ठेवून होता. पात्रही त्यानेच लांबवले होते. संशय संपला तसा त्याला इथे थारा उरला नाही. आपले सोने घेऊन गेला मेला!"

लोकांनी डोळे उघडले. वेदी रिकामी होती, खांबही रिकामा. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, गाठोडी सुटली, आणि डोंगरावरचे ते नगर पुन्हा सुखाने नांदू लागले.

पण त्या घटकेला इनासने काय पाहिले, ते ऐका. बाप्तिस ठेवला होता तिथेच उभा होता, हात जोडून. साऱ्या गलक्यात त्याचे एकट्याचे डोळे अजून मिटलेले होते.

"ताई," तो म्हणाला, "आता उघडू का?"