पोटातला पांढरा ठिपका

एका माळरानावर, बाभळीखालच्या बिळात दोन उंदरिणी राहत असत. नात्याने जावा-जावा. त्यांच्या घरची रीत अशी, की पिल्लं कुणाचीही असोत, निजायची एकाच गवताच्या बिछान्यात. ऊब टिकते, आणि एक आई दाणे वेचायला गेली तर दुसरी पाजते. वर बाभळीवर एक खार राहायची. तिला साऱ्या माळाच्या चौकशा! घडोघडी बिळाशी येऊन विचारायची, "काय गं, आज काय वेचलंत? मघाशी कुणाचं पिल्लू चिरकत होतं?" थोरली जाऊ वैतागून म्हणे, "तुला तुझं घर नाही का?"

थोरलीची पिल्लं डोळे उघडून बिछान्यात उड्या मारायला लागली, तेव्हा धाकटी बाळंत झाली. पहिलटकरीण ती. तिची पिल्लं नुसती गुलाबी, कातडी इतकी पातळ की प्यालेलं दूध पोटात पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. बाळांनो, उंदरांच्या आईला हीच खूण. ठिपका दिसला, म्हणजे लेकरू प्यालं. आधी ठिपके दिसले. मग एका सकाळी धाकटी पाहते, तर एकाही पोटात पांढरं नाही.

"जाऊबाई, माझी पिल्लं उपाशी आहेत हो!"

"काहीतरीच! आत्ताच पाजून उठले मी."

"कुणाला पाजलंत?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना. आपल्यात तुझं-माझं कधी होतं का?"

धाकटीही आडवी झाली होती, अंगाला पिल्लं लुचत होती. पण कोण लुचत होतं, ते तिने तरी कुठं पाहिलं होतं?

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी खारीचं नाक दिसलं. "रागावू नका, पण मी पाहिलंय. तू आडवी झालीस की मोठी पिल्लं बारक्यांना तुडवून पुढे घुसतात. बारकी तळाशी दबतात. हलव त्यांना इथून, पोरी. पलीकडे निवडुंगाखालचं जुनं बीळ रिकामं आहे. मी आत जाऊन बघून आलेय."

"ही लोकांच्या घरात शिरणारच!" थोरली कडाडली. "घर फोडायला आलीस काय? मधे उघडा माळ, तिथं उन्हाला धामण पडलेली असते. आणि एकटीच्या अंगाची ऊब पुरेल का त्यांना?"

थोरलीचं म्हणणं खोटं नव्हतं. धाकटीने पिल्लांना हुंगलं. एकाचं अंग गार लागलं. तिने त्यालाच तोंडात धरलं आणि ती बाहेर पडली.

खार सरसर शेंड्यावर चढली. "मी ओरडले की असशील तिथं दडायचं!" पहिली खेप झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला धाकटी ऐन माळात असताना वरून कर्कश आवाज सुटला. ती वाळल्या कुसळांत अंग चोरून बसली. तोंडातलं पिल्लू वळवळत होतं. दात दाबावे तर ते मरेल, सोडावं तर चिरकेल. समोरून धामण सरकत आली. थांबली. जीभ लपलपवली. धाकटीला श्वासही घेववेना. मग कुसळं सळसळली आणि धामण उताराकडे निघून गेली.

धाकटी नव्या बिळात पोचली आणि तिने पिल्लू खाली ठेवलं. एक पिल्लू अजून मागेच होतं. ती परत दाराशी आली, तर समोरून थोरली धावत येत होती. तोंडात ते शेवटचं पिल्लू.

थोरलीने त्याला अलगद खाली ठेवलं. "तू गेल्यावर मी आडवी झाले, आणि या खेपेला मान वळवून पाहिलं. माझीच कार्टी याच्या डोक्यावर उभी होती गं." तिने पिल्लू धाकटीकडे सरकवलं. "पाज आधी. माझ्याकडे बघत काय राहिलीस?"

दोघी पिल्लांना मधे घेऊन बसल्या. ऊब पुरली. जरा वेळाने दाराशी ओळखीचं नाक आलं. "दिसला का गं?"

"बाहेरून काय डोकावतेस? आत ये," थोरली म्हणाली.

खार आत आली. शेवटच्या पिल्लाच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसत होता.

तात्पर्य एवढंच : सगळ्यांसाठी म्हणून जे वाढलं, ते सगळ्यांत लहानाच्या पोटात पोचलं का, हे मान वळवून पाहावं.