धाकलीचा सांगावा

एकदा काय झालं, मंगळवार होता. साधाच मंगळवार, बरं का. ऊन रोजच्यासारखं, वारा रोजच्यासारखा. डोंगरातल्या एका वाडीत हौसा नावाची मुलगी अंगणात नाचणी पाखडत बसली होती. तिचा बाप राणूबाबा डोंगरापलीकडच्या बाजाराला गेला होता. येताना गूळ आणणार होता. म्हणून हौसानं गुळाचा डबा घासून उन्हात पालथा घातला होता.

मग एक माणूस आला. पलीकडच्या गावचा. अंगणाच्या कडेलाच थांबला. हौसानं तांब्या पुढं केला.

"लांबून आलात मामा, आधी पाणी घ्या."

त्या माणसाच्या ओठांना कोरड पडली होती. तरी त्यानं पाणी घेतलं नाही. नुसता तांब्याकडं बघत राहिला.

मग हौसाला कळलं.

कसं कळलं, ते सांगते. त्या डोंगरात एक रीत होती. मरणाचा सांगावा घेऊन येणारानं त्या दारचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की सांगावा पाण्याबरोबर पोटात जातो. आणि पोटात गेलेला सांगावा पुन्हा तोंडावर आणायचा नाही, म्हणजे नाही. म्हणून पाणी नाकारलं की समोरचा समजून जाई.

राणूबाबा बाजारात चिंचेखाली बसला होता. बसल्या बसल्याच गेला.

आता हा राणूबाबा कोण? तर तो डोंगर दाखवायचा. लांबलांबची माणसं रान बघायला यायची आणि राणूबाबा त्यांना घेऊन फिरायचा. त्या रानात बघण्यासारख्या जागा तीन. एक उंच सुळका, त्याला राणूबाबा ताठ्या म्हणायचा. एक काळोखी गुहा, तिचं नाव घुमी. आणि कारवीच्या रानात एक झरा, ती धाकली. नुसतं दाखवायचा नाही हं. आधी त्यांची चौकशी करायचा. "काय ताठ्या, पाठ दुखते का? घुमे, वटवाघळं फार झाली का? धाकले, जेवलीस का?" हौसाला तो सांगायचा, "ताठ्या तुझा काका. घुमी तुझी आत्या. आणि धाकली तुझी बहीण. तिला मी लाडावलीय, तू रुसू नकोस."

हौसा थोडी रुसायचीच.

पण खरी काळजी पुढंच आहे. वाडीतला धोंडूकाका नवव्या दिवशी हौसाच्या दारी आला. म्हणाला, "पोरी, माणसांना सांगून झालं. डोंगराला कोण सांगणार? उद्या दहावा. उद्या कावळा भाताला शिवेल, आणि शिवला की रानात जाऊन ओरडेल. त्या तिघांना कावळ्याकडून कळलं तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

हौसाला ठाऊक होतं. पूर्वी असंच एकदा झालं होतं. डोंगर दाखवणारा एक म्हातारा गेला आणि उगवतीच्या धबधब्याला कुणी सांगितलं नाही. त्याला कावळ्याकडून कळलं. तो रुसला, आणि वाहायचा थांबून दुसऱ्या खोऱ्यात निघून गेला. आता तिथं नुसता कातळावर काळा पट्टा आहे. खालची वाडी ओस पडली. आणि हौसाच्या वाडीला पाणी कुणाचं? एकट्या धाकलीचं.

"घरच्याच माणसानं सांगायला हवं," धोंडूकाका म्हणाला. "घरची तू एकटी."

मग हौसा निघाली. सगळ्यांना सांगून होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नव्हता. वाटेतल्या हिरड्यावर एक कावळा बसला होता. तो उडाला आणि तिच्या मागं मागं निघाला.

आधी आला ताठ्या. उभा चढ, हाताला धरायला काही नाही. हौसा धापा टाकत वर पोचली.

ताठ्या म्हणाला, "किती वेळ लावलास! तुझा बाप तीन दमात यायचा. अंगात जीव नाही का? घे, पाणी पी." त्याच्या माथ्यावर एक खळगा होता, त्यात गेल्या पावसाचं पाणी होतं.

हौसानं मान हलवली. पाणी घेतलं नाही.

मग त्याच्या अंगावरून एक खडा सुटला आणि गडगडत खाली गेला. बराच वेळ आवाज येत राहिला. "जा," तो म्हणाला, "सावकाश उतर."

कावळा वर घिरट्या घालत होता, बरं का.

मग आली घुमी. घुमीला सगळं दोनदा बोलायची सवय. "कोण गं? कोण गं? हौसा का? हौसा का? वाळलीस किती, वाळलीस किती! पाणी पी आधी, पाणी पी आधी!" तिच्या छतातून टिपटिप पाणी गळायचं आणि खाली दगडाच्या डोणीत साठायचं. गार, गोड पाणी. हौसाचा घसा जळत होता. तिनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली.

घुमी म्हणाली, "असं झालं का."

एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणालीच नाही.

आता राहिली धाकली. ऊन डोक्यावर आलं होतं. हौसाची जीभ टाळूला चिकटली होती. एक वाक्य ती मनाशी घोकत होती. "धाकले, बाबा गेले. धाकले, बाबा गेले." कावळा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर. तिच्या आधीच पुढच्या झाडावर जाऊन बसायचा मेला!

कारवीतून वाट काढत ती झऱ्याशी पोचली. पोचली आणि तिथंच खाली बसली.

"ताई आली!" धाकली म्हणाली. ती खळखळून हसली आणि हौसाच्या पायांवर आली. "बाबा मागं राहिले का? मी कालपासून वाट बघतेय. गाळ बाजूला केला, पानं वाहून टाकली, बघ तळाचे खडे दिसतात की नाही. बाबांना दाखवायचंय. तू दमलीस का गं? पी ना. तुझ्यासाठी गार ठेवलंय."

हौसानं मान हलवायला हवी होती. इतकंच करायचं होतं. ताठ्यापाशी केलं, घुमीपाशी केलं, तसंच.

पण धाकलीनं पाणी वर उचललं होतं. लहान मूल दोन्ही हातांनी पेला धरतं ना, तसं.

हौसा प्याली.

एक ओंजळ, दोन ओंजळी, तीन ओंजळी. आणि सांगावा पोटात गेला.

"बाबा कधी येणार?" धाकलीनं विचारलं.

"बाजार लांब आहे गं," हौसा म्हणाली.

झाडावर कावळ्यानं चोच पुसली. इकडून एकदा, तिकडून एकदा.

घरी येईपर्यंत हौसाच्या मनात एकच. आता काय करायचं? सांगता तर येत नाही. उद्या कावळा भाताला शिवला नाही, तर बाबांचा जीव अडकेल. शिवला, तर उडत जाऊन धाकलीला सांगेल. मग धाकली जाईल. वाडीचं पाणी जाईल. धोंडूकाकाला तिनं काहीच सांगितलं नाही. पालथ्या डब्याकडं बघत बसून राहिली.

सकाळी दहाव्याचा भात तिनंच शिजवला. आता ऐका हं, त्या भातात मीठ घालत नाहीत. कुणीच घालत नाही. हौसानं चुलीमागचं मडकं ओढलं. एक मूठ घातली. थांबली. मग दुसरी घातली. मग तिसरीही घातली. "बाबा, रागावू नका," ती म्हणाली.

ओढ्याकाठी भात मांडला. सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळा आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्यानं चोच घातली आणि भरभरून घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. सगळ्यांनी हात जोडले.

आणि मग कावळ्यानं चोच वासली, ती मिटेचना!

धोंडूकाका म्हणाला, "ह्याला काय झालं?"

"म्हातारा झालाय, काका," हौसा म्हणाली, आणि रानाकडं पळत सुटली.

कावळा आधी ताठ्याकडं गेला. ताठ्या म्हणाला, "ठाऊक आहे. चल नीघ." पाण्याचं विचारलंसुद्धा नाही. मग घुमीकडं गेला. घुमी म्हणाली, "ठाऊक आहे, ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या घरचं सांगत फिरतोस, दुसऱ्यांच्या घरचं सांगत फिरतोस!" आणि एवढी वटवाघळं अंगावर सोडली. मग कावळा धाकलीकडं वळला. घसा कोरडा ठणठणीत. चोच उघडी ती उघडीच.

हौसा कारवीच्या आड येऊन थांबली. पुढं जायचा धीर होईना.

कावळा काठावरच्या दगडावर बसला. त्यानं मान वर केली. आता ओरडणार!

धाकली म्हणाली, "अगंबाई, कावळेदादा! कसली तहान लागलीय तुम्हाला! आधी पाणी प्या, मग सांगा काय सांगायचंय ते."

कावळा प्याला.

एक चोच, दोन चोची, तीन चोची. घटाघटा प्याला. मग पंख झाडले, सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवून बसला. सांगावा पोटात गेला होता ना! रीत म्हणजे रीत, कावळ्यालासुद्धा. थोडा वेळ बसला, मग उडून गेला.

हौसा कारवीतून बाहेर आली आणि धाकलीच्या काठावर बसली. खूप वेळ बसली.

मग काय झालं? मग हौसा डोंगर दाखवू लागली. लांबलांबची माणसं यायची, तिच्यामागून चढायची. ती ताठ्याला पाठीचं विचारायची, घुमीला वटवाघळांचं. वाडीला पाणी कधी कमी पडलं नाही. वैशाखात सगळे ओढे आटायचे तेव्हाही धाकली वाहायची. वाट बघत होती ना, तळाचे खडे रोज धुऊन ठेवायची. हौसाचं लग्न झालं, लेकरं झाली, ती लेकरं तेच पाणी प्याली आणि सगळी सुखानं राहिली.

काय गं इंदे? झोपली नाहीस अजून? नाही, कावळा परत आला नाही. झरा आहे तिथंच आहे, पाणीही तसंच गार आहे. सरक तिकडं, पांघरूण घे, मिट डोळे.

नाही गं. धाकलीला अजून कुणी सांगितलेलं नाही.