तुळाजीनं नाव पक्कं केलं

एका तालुक्याच्या गावात तुळाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणतो ते आपलं सभ्यपणानं. डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला सुतारच बोलवावा लागेल, असा गडी! नोकरी गावच्या कॉलेजात.

कॉलेजच्या बागेतल्या पाट्या वाळवीनं खाल्ल्या. वनस्पतिशास्त्राच्या नेवरेकरबाईंनी त्याला नव्या लिहायला बसवलं.

"बाई, ही असली नावं येतात कुठून?"

"कितीतरी झाडांना जिथं सापडली त्या जागेचं नाव देतात."

"बरं बाई."

तिथून स्वारी गेली रसायनाच्या प्रयोगशाळेत. तिथल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या निघालेल्या. ह्यानं झटपट नव्या डकवल्या. एकीवर 'वरचा कप्पा'. दुसरीवर 'मोरीजवळ'. तिसरीवर 'सरांच्या डब्यामागे'. मिसाळसरांनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, गुण बघून नाव देतात! ब्रोमीन म्हणजे ग्रीक भाषेत दुर्गंधी. वासावरून पडलं ते नाव. कळलं?"

"कळलं सर."

कळलं म्हणे! बागेत जाऊन ह्यानं एकेक झाड हुंगलं. एका चाफ्याला नुकतंच शेणखत घातलेलं. समोर पाटी होती, 'संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब शिंत्रे यांच्या हस्ते'. तुळाजीनं खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'दुर्गंधी'.

आबासाहेब असे भडकले की विचारू नका. नोकरी गेल्यातच जमा होती. पण बाई मधे पडल्या. म्हणाल्या, "ह्याची जबाबदारी माझी. पुन्हा चुकला तर ह्याच्याबरोबर मलाही घरी पाठवा." शिकलेली माणसंसुद्धा कधीकधी वेड्यासारखं बोलतात.

मग बाईंनी त्याला समोर बसवला.

"नाव देणं म्हणजे पोरखेळ नाही, तुळाजी. नुसतं नाव ठेवलं की झालं असं नसतं. नमुना वर्तमानपत्रात घालायचा, दोन फळ्यांमध्ये दाबायचा, चांगला वाळवायचा आणि कपाटात ठेवायचा. तेव्हा नाव पक्कं होतं."

"मोठ्या माणसानं ठेवलं तरी?"

"कुणीही ठेवलं तरी."

त्याच रविवारी आबासाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. "तिथं ये आणि चारचौघांत माफी माग," बाईंनी त्याला बजावलं. मांडव गच्च भरला. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, यशोधन. बायका घुगऱ्या वाटू लागल्या. आणि आले आमचे शहाणे! बगलेत रद्दी, खांद्यावर दोन फळ्या, हातात सुतळी.

"थांबा! नाव अजून कच्चं आहे. बाळ इकडं द्या."

आईनं बाळ छातीशी धरलं. "कशाला?"

"दाबून वाळवायला. आठवडाभरात आणून देतो. मग खुशाल कपाटात ठेवा."

आबासाहेबांचा चेहरा लालबुंद.

"हे तुला शिकवलं कुणी?"

तुळाजीनं भरल्या मांडवात बाईंकडे बोट केलं.

"बाईंनी. त्यांनी स्वतःच्या हातानं चारशे वाळवलीत, साहेब. एकानंही तक्रार केली नाही."