सोमरीने गावात आणलेली तपासणी

नदीपलीकडच्या एका गावात सोमरी नावाची बाई बांबूच्या टोपल्या विणायची. तिची मुलगी जानो सात वर्षांची होती. जानो जरा जास्त पळाली किंवा गारठली, की तिचे हातपाय ठणकू लागत. डोळे पिवळे होत. मग चार-चार दिवस ती अंथरुणात कण्हत पडे.

गावात आणखी दोन घरी असेच होई. एका घरचे पोर तर दगावलेच. पण गावप्रमुख दुलसू म्हणायचा, "काही घराण्यांना शाप असतो. त्याचा बोभाटा करू नये." लोक माना डोलवत. बोभाटा झाला तर मुलींची लग्ने कशी जमणार?

सोमरीला हे पटेना. "शाप असेल तर माझ्यावर यावा," ती नवऱ्याला, लच्चूला म्हणाली. "सात वर्षांच्या पोरीनं कुणाचं काय बिघडवलं?"

दोघे जानोला घेऊन नदी उतरले. पहिल्या दवाखान्यात अंगदुखीच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्यात रक्त तपासायचे सामान संपले होते. "पुढच्या महिन्यात या," असे सांगितले. महिन्याने गेले, तरी सामान आले नव्हते. मग त्यांनी तालुक्याची एसटी धरली.

तालुक्याच्या रुग्णालयात मंदाकिनीबाई रक्त तपासत. त्यांनी जानोच्या बोटातला एक थेंब नळीतल्या औषधात टाकला. औषध गढूळ झाले. आईबापांचे रक्त टाकल्यावरही तसेच झाले. मोठ्या तपासणीनंतर बाईंनी उलगडून सांगितले, "हा रक्तातला आजार आहे, याला सिकलसेल म्हणतात. तुम्हा दोघांच्या रक्तात तो अर्धा आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. पोरीत दोन्हीकडचा एकत्र आला. आजार जन्माचा आहे. पण रोज औषध घेतलं, पाणी भरपूर प्यायली, थंडीपासून जपलं, तर पोर शाळेत जाईल, खेळेल."

सोमरी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाई, आमच्या गावात या. अशी पोरं तिथे आणखी आहेत."

"पन्नास माणसं तयार कर. मी येते."

सोमरी घरोघर फिरली. बायकांनी दारे लावून घेतली. दुलसू तर तिच्या अंगणात येऊन गरजला, "माझ्या पोरीचं, मैनीचं लग्न ठरलंय. गावाला बट्टा लावू नकोस!"

ठरल्या दिवशी मंदाकिनीबाई शाळेच्या ओसरीवर नळ्या मांडून बसल्या. लोक जमले, पण लांब उभे राहिले. पुढे कोणी येईना.

तेव्हा सोमरी सर्वांसमोर म्हणाली, "दोष माझ्या रक्तात आहे. लच्चूच्याही आहे. आम्हाला आधी कळलं असतं, तर जानो सात वर्षं कण्हली नसती. लपवून काय मिळवलं आपण?"

गर्दीतून एक मुलगी पुढे आली. ती दुलसूची मैनी होती.

"मैनी, मागे फिर!" दुलसू ओरडला.

"का, बाबा? डोळे मिटून लग्नाला उभी राहू?" असे म्हणून तिने बोट पुढे केले.

नळी गढूळ झाली. दुलसूचा चेहरा उतरला. "हे माझ्या पोरीत आलं कुठून?" त्याने स्वतःचे बोट टोचून घेतले. त्याचीही नळी गढूळ झाली. मग तो सोमरीकडे वळून म्हणाला, "पोरी, तुझ्या घराला शाप आहे, असं मी म्हणालो. तोच माझ्या घरात निघाला. मला माफ कर."

त्यानंतर रांग लागली. पन्नास कसले, संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांनी बोट टोचून घेतले आणि नळ्या संपल्या! मोठ्या तपासणीत आजारी पोरे सापडली, त्यांची औषधे सुरू झाली. दुलसूने स्वतः जाऊन होणाऱ्या जावयाला खरे ते सांगितले. जावई हसत तपासणीला आला. त्याच्या रक्तात दोष नव्हता. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बिनधास्त लग्न करा. तुमच्या लेकरांना हा आजार होणार नाही."

मैनीच्या लग्नात ढोल वाजले. जानो नाचणाऱ्यांच्या फेरात शिरली. दमली तेव्हा बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि पुन्हा उठून नाचली.

तात्पर्य: रक्तातला आजार लपवला, तर लेकरांच्या वाट्याला येतो; धीराने तपासून घेतला, तर त्याला आवरता येते.