कोंबडीला तांबडं दिसतं

एका गावात एक भोळा नवरा होता. होता म्हणजे, अजून आहे. आज सकाळीच त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. तो नवरा मीच. दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता आलं असतं तर खपवलं असतं, पण सगळ्या गावाला माहीत आहे.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी लेकीला आंदण म्हणून कोंबड्या आणि एक कोंबडा दिला. निघताना त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, कोंबड्या आन् पोरगी, दोनी जपा. पुनवंला बघाया येते. एक जरी कोंबडी उणी निघाली, तर ऱ्हायल्याल्या कोंबड्या आन् पोरगी, दोनी माघारी नेईन."

कोंबड्या गेल्या असत्या तर मी रडलो नसतो. पण कौतिका, माझी बायको, मला फार आवडायची. ती जाऊ नये म्हणून मी कोंबड्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागलो.

एक दिवस एका कोंबडीच्या शेपटीला जखम झाली. बाकीच्या तिला टोचू लागल्या. मी जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टर म्हणाले, "सखाहरी, कोंबडीला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. तांबडं दिसलं की ती टोचते. तांबडं दिसलं की झाकून टाकायचं."

"बरं, डोक्यात ठेवतो," मी म्हणालो. माझ्या डोक्यात जागा भरपूर.

घरी येऊन जखमेला तव्याची काजळी फासली. मग पाहतो तर काय, प्रत्येक कोंबडीच्या डोक्यावर तांबडा तुरा! इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? एकेकीला धरून मी सगळ्यांचे तुरे काळे केले. कोंबड्याचा तर गळ्यापर्यंत केला.

कोंबड्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी कुणाला ओळखेना. प्रत्येकीला वाटलं, परक्या कोंबड्या घरात घुसल्या. मग जी जुंपली, ती अंगणभर पिसंच पिसं.

कौतिका धावत आली. "अवो, तुरा म्हंजी कोंबडीचं त्वांड! त्वांड काळं केल्यावर वळखायचं कसं?"

मी पुन्हा डॉक्टरांकडे. जाताना लग्नातला तांबडा फेटा बांधला, म्हणजे शहाणा दिसेन.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे, तुरे नाही! खुराड्याच्या झरोक्याला तांबडा जिलेटीन कागद लाव. सगळंच तांबडं दिसलं की त्यात रक्त वेगळं दिसत नाही."

"बरं, डोक्यात ठेवतो."

कागद घेऊन निघालो, तर वाटेत पाटलांचा मारका बैल. लहानपणापासून ऐकलेलं, बैल तांबडं पाहून पिसाळतो. आणि माझ्या डोक्यावर फेटा! दुसरा कुणी असता तर फेटा काढून पळाला असता. पण मला डॉक्टरांचं आठवलं. सगळंच तांबडं केलं की तांबडं वेगळं दिसत नाही. मी कागद अंगाला गुंडाळले, उरलेला कमरेला खोचला आणि बैलासमोरून रुबाबात चाललो. वाऱ्याने कागद फडफडले.

बैलाने मला उकिरड्यापर्यंत पोचवलं.

डॉक्टरांनी नाक दाबूनच माझी हकिगत ऐकली. "अरे शहाण्या, बैलाला तांबडं धड कळतसुद्धा नाही. कागद हलले म्हणून तो बिथरला. जनावरासमोर हलायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं."

"बरं, डोक्यात ठेवतो."

संध्याकाळी अंगणात एक भटकं कुत्रं शिरलं. मी खांबासारखा उभा राहिलो. कुत्रं जवळ आलं. त्याने मला हुंगलं. मग एक पाय वर करून माझ्या धोतरावर कार्यभाग उरकला. मी हललो नाही. उलट मला बरं वाटलं, खांब चांगला जमला होता. मग कुत्र्याने एक कोंबडी तोंडात धरली आणि माझ्या पायांवरूनच चालू लागलं.

कौतिका केरसुणी घेऊन धावली, म्हणून कोंबडी वाचली. "अवो, हाड तरी म्हनायचं!"

"म्हणणार होतो," मी म्हणालो, "पण खांब बोलत नाही."

यावेळी डॉक्टर मला पाहून दार लावायला निघाले. फटीतूनच म्हणाले, "सखाहरी, आता नवं काही शिकू नकोस. पहिलं सांगितलं होतं, तेवढंच कर."

"बरं, डोक्यात ठेवतो."

पुनव आली. सासूबाई आल्या. कोंबड्या थोड्या पिसं गेलेल्या, थोड्या काजळलेल्या, पण सगळ्या जागेवर होत्या. सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "जावई वाटतो तेवढा येडा न्हाई." कौतिका आता माझीच राहणार होती.

निघताना त्यांनी लेकीची ओटी भरली. शेजारच्या बायका जमल्या. कौतिकाच्या कपाळावर त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं. ओटीतले चार दाणे खाली सांडले, तशा कोंबड्या धावल्या. कोंबडा कौतिकाच्या पायाशी आला. त्याने मान वर केली आणि तिच्या कपाळाकडे रोखून पाहिलं.

एवढं तांबडं! आणि खालीच तिचे डोळे!

मी झेप घेतली, धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं आणि कनवटीला ठेवलेली तव्याची काजळी वर फासली.

सगळ्या बायका दोन पावलं मागे सरल्या. कोंबडासुद्धा सरला.

सासूबाई किंचाळल्या, "अवो, कुंकू नवरा मेल्यावर पुसत्यात!"

हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मी विचार केला. कुंकू तर पुसलं गेलं. नवरा मी. म्हणजे मी मेलो. फार वाईट वाटलं, पण नियम तो नियम. मी अंगणात उताणा झोपलो, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. कोंबडा माझ्या पोटावर चढला. मी हललो नाही.

"ऊठ कौतिके," सासूबाईंचा आवाज आला, "कापडं भर. ह्या येड्यापाशी तुला ठिवत न्हाई."

मेल्या मेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

कौतिका हसत होती की रडत होती, मला कळेना. ती म्हणाली, "आये, मी आले तर ह्यास्नी, तुमी मेला न्हाई, म्हनून कोन सांगंल?"

सासूबाईंनी पिशवी उचलली. मग त्या एकट्याच एस. टी.च्या वाटेला लागल्या.

त्या दिवसापासून गाव मला कैलासवासी सखाहरी म्हणतं. मी ओ देतो. त्या दिवशी मात्र मी दिवेलागणीपर्यंत तसाच पडून होतो. मग कौतिकाने नवं कुंकू लावलं, अंगणात येऊन मला दाखवलं आणि म्हणाली, "उठा आता. भाकरी निवतीया."

तेव्हा कुठे मी जिवंत झालो.